क्यांपातून घरी आणलेला खडा

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी बरेच दिवस आहे, पण आजवर फक्त वाचत आले. आणि खरं सांगू का, हसायला वाचत आले. कोणाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाच्या बाईकवर मागे कोणी येऊन बसतं... मी चहा पिता पिता वाचायचे आणि ड्युटीवर निघून जायचे. मी सुनीता, नागपूरला धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात सिस्टर आहे. नोकरीची बहुतेक वर्षं आयसीयूत गेली. गेलेल्या माणसांना स्वतःच्या हातानं पुसून, चादरीत गुंडाळून नातेवाइकांच्या हवाली केलंय आणि मग हात धुऊन डबा खाल्लाय. एकही पेशंट परत येऊन "सिस्टर, माझी चादर बदला" म्हणाला नाही. तेव्हा अशा गोष्टी सांगणाऱ्यांचं मी मनातल्या मनात बीपी, नाहीतर झोपेच्या गोळ्यांचा परिणाम, असं निदान करून मोकळी व्हायचे.

त्यात आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, आणि घरी येऊन देव्हारा, अंगारे, गंडेदोरे सगळं बाहेर काढलं. आम्हा भावंडांना लहानपणी कोणी भुताची भीती घातलीच नाही. घातली असती तर माझ्या थोरल्या भावानं त्यांनाच उभं-आडवं घेतलं असतं.

हा थोरला भाऊ म्हणजे मिलिंददादा. जे झालं ते त्याचं झालं. मी फक्त पाहत होते, म्हणून मी लिहितेय.

दादा खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनात बॉयलरवर होता. रिटायर झाल्यावर कोराडी रोडला छोटं घर बांधलं, पुढे अंगण, अंगणाला लोखंडी फाटक. तो आणि रंजनावहिनी दोघंच राहतात, मुलगी लग्न होऊन पुण्याला. रिटायर माणसाला काहीतरी खूळ लागतंच. कोणी गुडघे चोळत बसतो, कोणी सकाळी उठून लोकांना गुड मॉर्निंगची फुलं पाठवतो. दादाला खूळ लागलं आमच्या गावच्या क्यांपाचं.

आमचं मूळ गाव सिरसडोह. खापरखेड्याहून पुढे कन्हान नदीच्या अंगानं गेलं की लागतं. गावाबाहेर एक मोठं मोकळं मैदान आहे, त्याला सगळे क्यांप म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात तिथे इंग्रजांच्या फौजेची छावणी होती. गावाची चराईची जमीन घेतली, पत्र्याच्या बराकी ठोकल्या, आणि इथून फौजा ब्रह्मदेशाकडे जायच्या म्हणे. लढाई संपली, छावणी उठली, पत्रे गेले, विटासुद्धा लोकांनी नेल्या. उरले बराकींचे सिमेंटचे ओटे, एक फुटकी पाण्याची टाकी आणि गेटचे दोन खांब. कुंपण नाही, दार नाही, नुसते दोन खांब. चहूबाजूंनी मैदान उघडं असताना गावातलं माणूस मात्र आत-बाहेर त्या दोन खांबांच्या मधूनच करायचं.

आणि त्या खांबाशी एक रीत होती. खांबाच्या बुडाला खड्यांचा ढीग. आत जाताना त्यातला एक खडा उचलायचा, जवळ ठेवायचा. बाहेर येताना ढिगावर परत टाकायचा. शेळ्या चारणारे हेच करायचे, लाकडं आणणाऱ्या बाया हेच करायच्या. पोरं तिथे क्रिकेट खेळायची, तर सिक्स बाहेर गेला की फिल्डर धावत गेटपाशी यायचा, खडा टाकायचा, बॉल आणायचा, पुन्हा खडा उचलून आत... तोवर बॅट्समन ओट्यावर बसून बिस्किटं खायचा. आम्ही सुट्टीत गावी जायचो तेव्हा मीही केलंय. का करायचं ते कधी विचारलं नव्हतं.

दादानं विचारलं. गावात आमची शेवंताआत्या आहे, वडिलांची बहीण, आता खूप म्हातारी. तिच्यापाशी बसून त्यानं सगळं काढून घेतलं. छावणीत गावचे लोक मजुरीला जायचे, त्यात आमच्या वस्तीतले जास्त. पाणी भरणं, गवत कापणं, संडास साफ करणं. आत जाताना शिपाई प्रत्येकाच्या हातात पत्र्याचा एक बिल्ला द्यायचा, निघताना तो पेटीत टाकायचा. संध्याकाळी गोरा साहेब पेटीतले बिल्ले मोजून घ्यायचा, मगच सुट्टी द्यायचा. एक जरी कमी भरला तर सगळ्या मजुरांना रांगेत उभं करायचं, मिळेपर्यंत. उन्हाळा असो की पाऊस. आमचे आजोबाही त्या रांगेत उभे राहिलेले.

एकदा गोविंदा नावाच्या मजुराचा बिल्ला हरवला, गवतात पडला असेल. सगळ्यांना उभं केलं, शेवटी बाकीच्यांना सोडलं आणि त्याला एकट्याला ठेवलं. तो घरी आलाच नाही. त्याचं काय केलं कोणाला कळलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती. त्यानंतर बाया-माणसांनी इतका धसका घेतला की बिल्ला टाकल्याशिवाय गेटबाहेर पाय पडेना. छावणी उठली तरी पायाची सवय सुटली नाही. बिल्ल्याच्या जागी खडा आला.

"हे देवाचं नाही गा मिलिंद," आत्या त्याला म्हणाली होती. "याले हळदकुंकू नाही, नारळ नाही. हे हजेरीचं आहे."

दादा पेटून उठला. त्यानं ठरवलं, क्यांपावर एक पाटी लावायची. इथे छावणी होती, इथे आपली माणसं राबली, आणि इथून गोविंदा परत आला नाही, असं नाव घालून लिहायचं. मला फोनवर म्हणाला, "सुने, गोऱ्यांच्या सोजिरांची नावं मोठमोठ्या दगडांवर आहेत. आपल्या माणसाचं एका टिनाच्या पाटीवर तरी पाह्यजे का नाही?" मला त्याचा अभिमान वाटला. आजही वाटतो.

संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी पाटी लावायचं ठरलं. मी, दादा, वहिनी, आम्ही गाडीनं गेलो. गावातले बरेच लोक जमले, आत्यालाही खुर्चीत बसवून आणलं. गेटवर प्रत्येकानं खडा उचलला, दादानंही उचलला. पाटी टाकीजवळ लावली. दादा चांगलं बोलायचा, त्या दिवशी फारच चांगलं बोलला. मग चहा झाला, फोटो झाले, दुपार कलली तसे लोक निघाले. खांबापाशी एकेक जण खडा टाकून बाहेर पडत होता. दादा आला आणि थांबला.

"आपल्या आज्यानं हजेरी देली, कारण त्याले इलाज नव्हता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आता कोण बसलं आहे गा इथं हजेरी घ्याले? कायले गिरवून राहिलो आपण ही गुलामी?" आणि त्यानं हातातला खडा शर्टाच्या वरच्या खिशात टाकला. तसाच खांबांमधून बाहेर आला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मला तर तो क्षण फार आवडला. आत्या खुर्चीतून म्हणाली, "मिलिंद, ठेव तो बापू. कोणाचं काय जाते?"

"आत्या, मी माह्याच देशात, माह्याच गावात उभा आहो. मले कोणाले विचाराचं नाही."

परतताना आम्ही खापरखेड्याला थांबून गरम आलुबोंडे खाल्ले आणि दादा गाडीत गाणी म्हणत होता. खडा त्यानं घरी शोकेसमध्ये ठेवला. आल्यागेल्याला दाखवायचा.

पंधरवडा झाला असेल-नसेल, भरदुपारी वहिनीचा फोन आला. "सुनीताताई, हे अंगणात उभे आहेत... बोलवलं तर येऊन नाही राहिले." मला वाटलं चक्कर, शुगर, स्ट्रोक. "चेहरा वाकडा झाला का? हात उचलता येतात का?" मी नर्सचे सगळे प्रश्न विचारले. सगळं नीट होतं. मी म्हटलं, फोन त्याच्या कानाला लावा.

"दादा, काय करून राहिला?"

"उभा आहो."

"काहून?"

"अजून सगळे भरले नाही वं."

आवाज त्याचाच, अगदी शांत. मी ऑटो करून पोचले तोवर ऊन उतरलं होतं आणि तो आत बसून चहा पीत होता. त्याला काही आठवत नव्हतं, उलट माझ्यावरच हसला, एवढ्या दूर धावत आली म्हणून. पण दोन दिवसांनी परत तेच. मग रोजच. चपला काढून ठेवलेल्या, हात मांडीला चिकटवलेले, नजर समोर भिंतीकडे. हळूहळू उभं राहणं वाढलं आणि बोलणं कमी झालं. शिमग्याच्या सुमारास तर तो दिवसभर गप्प राहायला लागला. पुण्याहून लेक आली, ती नुसती रडत बसली.

वहिनी एकदा म्हणाली, "त्या खड्याचं काही असन का?" मी तिच्यावर जोरात ओरडले. दादा शुद्धीवर असता तर तोही ओरडला असता, आणि मी त्याच्याच वतीनं ओरडले.

त्याला आमच्याच हॉस्पिटलात अ‍ॅडमिट केलं. एमआरआय क्लिअर, ईईजी क्लिअर, रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. मानसोपचाराचे डॉक्टर चांगले होते, त्यांनी नीट वेळ दिला. रिटायरमेंटनंतरचं डिप्रेशन, त्यात कॅटाटोनिया म्हणतात तो प्रकार, माणूस एका जागी गोठतो. गोळ्या सुरू केल्या. मला ते पटलं, पटण्यासारखंच होतं. ड्युटी संपली की मी त्याच्याजवळ बसायचे.

आणि इथे मला ते सांगायचं आहे, जे मी अजून स्टाफमध्ये कोणाला सांगितलेलं नाही.

दादा वरच्या मजल्यावरच्या एसी रूममध्ये होता. पडदे ओढलेले. हाताला सलाइन, बाजूला रेलिंग, वहिनी चोवीस तास उशाशी. तो बेडवरून उतरत नव्हता, उतरायची ताकदच नव्हती. सकाळी मी स्वतः त्याला स्पंज करायचे, पाय धुऊन पुसून, बोटांच्या मधे पावडर टाकून. दुपारी चादर बदलायला गेले, तर पायांना माती. तांबडट मुरमाची बारीक माती, टाचांच्या भेगांत बसलेली. मला वाटलं कोणीतरी घाण चादर टाकली, मी लाँड्रीवाल्याला वाट्टेल ते बोलले. दुसऱ्या दिवशी नवी चादर मी स्वतः घातली. संध्याकाळी पुन्हा माती. ओठ फाटलेले, मानेचं कातडं उन्हानं सोलल्यासारखं. सनबर्न मला ओळखता येतो हो, नागपूरची आहे मी. बंद खोलीत, सलाइनवर असलेल्या माणसाला सनबर्न झाला होता. ड्युटी डॉक्टर म्हणाले औषधाची रिअ‍ॅक्शन असेल. मातीबद्दल मी त्यांना बोललेच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी तेच निदान उमटलं असतं, जे मी तुमच्यासाठी करत आले होते.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि मग आत्याला फोन लावला. सगळं सांगितलं.

"त्याची गिनती आतच आहे वं बाई," ती म्हणाली.

"मी आत्ताच्या आत्ता खडा घेऊन येते."

"तू ठेवून चालत नाही. ज्याचा त्यानंच ठेवला पाह्यजे. त्याले घेऊन ये."

मला तिचा राग आला, दादाचा आला, त्या मेल्या इंग्रजांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या हातापाया पडून डिस्चार्ज घेतला. शोकेसमधला खडा दादाच्या मुठीत दिला, मूठ घट्ट मिटली. गाडीत तो वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून होता. मी पुढे ड्रायव्हरजवळ बसले, आणि ज्या बाईनं आयुष्यात नवस बोलला नाही ती मी मनातल्या मनात कोणाला तरी विनवत होते. कोणाला ते मला माहीत नाही.

सिरसडोहला पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. आत्या रस्त्याच्या कडेला खाटेवर बसली होती. तिचा चेहरा पाहिला आणि मला कळलं काहीतरी चुकलंय.

रस्ता रुंद करायचं काम सुरू होतं. मधल्या दिवसांत जेसीबीनं कडेचं सगळं साफ केलं होतं. खांब नव्हते. खड्यांचा ढीग नव्हता. मुरूम टाकून, रोलर फिरवून सगळं एकसारखं करून टाकलं होतं, आणि त्यावरून डंपर जात होते. गावच्या लोकांनी विरोध केला होता म्हणे. पण जुन्या दोन खांबांसाठी काम कोण थांबवणार? आणि खरं तर आपल्याच दादानं सांगितलं होतं की ती गुलामीची खूण आहे, असंही काही पोरं म्हणाली होती.

"मले घरात कोणी सांगतलंच नाही वं. काल समजलं असतं तर मीच तुले नको म्हणली असती," आत्या म्हणाली.

तरी आम्ही दादाला उतरवलं. तो स्वतःच्या पायावर उभा राहिला, कितीतरी दिवसांनी. मूठ उघडून खड्याकडे पाहिलं, मग इकडे-तिकडे पाहिलं. बाजारात आईचा हात सुटलेलं पोर पाहतं तसं.

"गेट कुठं आहे?" त्यानं मला विचारलं.

मी म्हटलं, "दादा, इथंच होतं. इथंच ठेव."

"इथं नाही." तो थोडा पुढे गेला, मागे आला. "गेट कुठं आहे सुने?"

वहिनीनं हुंदका दिला. गावातले दोघंतिघं अंदाजानं जागा दाखवायला लागले, एक म्हणे बाभळीच्या समोर, दुसरा म्हणे नाही, नालीच्या अलीकडे. प्रत्येक जागी तो वाकायचा आणि मान हलवून परत उठायचा. शेवटी मीच त्याचा हात धरून खडा खाली ठेववला. मुरमात पडला तो, आणि मुरमातल्या हजार खड्यांत कोणता ते परत ओळखूही येईना. आत्यानं पदर तोंडाला लावला. मग आम्ही त्याला गाडीत बसवलं. तो मुकाट्यानं बसला.

गाडी निघाली. मी आरशात पाहिलं, मग खात्री करायला मान वळवून मागे पाहिलं. दादा मागच्या सीटवर होता, वहिनीच्या शेजारी, डोळे मिटलेले. आणि मागच्या काचेतून मैदानात, फुटक्या टाकीच्या अलीकडे, दादा उभा होता. त्या रविवारचा पांढरा शर्ट, हात मांडीला चिकटवलेले. त्याच्या बाजूला आणखी एक जण उभा होता, बारका, गुडघ्यापर्यंत धोतर. चांगला उजेड होता, धूळसुद्धा खाली बसली होती. मी डोळे चोळले नाहीत, किंचाळले नाही. नुसतं वहिनीकडे पाहिलं. ती मागे वळून तिकडेच पाहत होती. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि दादाचं डोकं आणखी जवळ ओढून घेतलं.

तुम्ही म्हणाल, मास हिस्टेरिया. म्हणाल, थकवा, ताण, भावाची माया. मीही हेच म्हटलं असतं. मातीचं काय, सनबर्नचं काय, ते मला विचारू नका. पुण्याचे डॉक्टर झाले, आयुर्वेद झालं, विहारातले भंतेजी येऊन त्रिशरण-पंचशील म्हणून गेले. भंतेजींनी मला समजावलं की दुःखाला कारण असतं आणि कारण नाहीसं केलं की दुःख जातं. मी त्यांना विचारणार होते, की कारणच जेसीबीनं उचलून नेलं तर? विचारलं नाही, त्यांना वाईट वाटलं असतं.

दादा घरी आहे. भरवलं की खातो, झोपवलं की झोपतो. वजन निम्म्यावर आलंय. पायाला माती अजून येते, वहिनी रोज धुते. दिवस मावळायच्या सुमारास तेवढं तो तोंड उघडतो. समोर जो कोणी असेल त्याला एकच विचारतो.

"सुट्टी झाली का?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा वहिनी आनंदानं रडली, बोलला म्हणून. "हो, झाली, चला घरात," असं म्हणून तिनं त्याचा हात धरला. त्यानं तो हळूच सोडवून घेतला.

"तू नाही देऊ शकत," तो म्हणाला. "साहेबानं देली पाह्यजे."

माझ्या भावानं नोकरीत चीफ इंजिनिअरलाही कधी साहेब म्हटलं नाही, आडनावानं हाक मारायचा. तो आता रोज संध्याकाळी मान खाली घालून सुट्टी मागतो. आणि ती देणारा साहेब कधीचाच बोटीत बसून आपल्या देशी निघून गेला, तिथे मरून मातीही झाला असेल. हे दादाला कोणत्या तोंडानं सांगू? मी म्हणते, "होईन दादा, थोडा वेळ थांब." तो थांबतो.